बाथरूमच्या भिंतीवरचा बेडूक परदेशी आहे का? ठाणे-नवी मुंबईतले बेडूक ओळखताना

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. कावेसरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, बाथरूमच्या टाइल्सना एक बेडूक चिकटलेला दिसला. रात्री तो तपकिरी होता, सकाळी पांढुरका झाला. मोबाइलच्या ॲपनं त्याचं नाव ‘क्युबन ट्री फ्रॉग’ सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी ‘परदेशी आहे, विषारी आहे, वॉचमनला सांगून मारून टाका’ असं लिहिलं. मारायचा धीर झाला नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर बादली पालथी घातली आणि चार फोटो काढून पाठवलेत. शिवाय खाली माळ्याच्या पिंपाला आतून फेसाचा एक गोळा चिकटलाय, तो कशाचा, असंही विचारलंत.

बादली उचला. बेडूक इथलाच आहे.

शास्त्रीय नाव पॉलिपेडॅटिस मॅक्युलॅटस. इंग्रजीत याला कॉमन इंडियन ट्री फ्रॉग म्हणतात, आपण झाडबेडूक म्हणू. जवळजवळ सगळ्या भारतात सापडतो आणि माणसाच्या घरात शिरायची त्याला खास आवड आहे. बाथरूम, संडासाची टाकी, गॅलरीतल्या कुंड्यांची मागची बाजू, वॉशिंग मशीनखालची ओल, अशा जागा तो बरोबर हुडकतो. ड्रेनेजच्या पाइपला धरून तिसरा मजला गाठणं त्याला काहीच अवघड नाही.

मी हे इतक्या खात्रीनं कशावरून सांगतो, ते तुम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. त्यात तो उडी मारायच्या बेतात मागचा पाय ताणून बसलाय आणि मांडीचा मागचा भाग उघडा पडलाय. तिथे जांभळट-तपकिरी रंगाची जाळी आहे आणि त्या जाळीत पिवळे गोल ठिपके आहेत. पाय मिटून बसला की हे ठिपके पूर्ण झाकले जातात. म्हणूनच वरून काढलेल्या फोटोत ते कधी येत नाहीत, आणि नेमकी तीच खूण या जातीची ओळख पटवते. आता पहिला फोटो बघा. डोळ्याच्या मागून निघालेली काळपट पट्टी कानाच्या गोल पडद्यावरून मागे गेलीय. बोटांच्या टोकांना चपट्या, रुंद गाद्या आहेत. मागच्या पायांच्या बोटांमध्ये चांगला पडदा आहे, पुढच्या बोटांमध्ये तो जवळजवळ नाहीच. पाठीची कातडी गुळगुळीत आहे.

क्युबन बेडकालाही बोटांच्या गाद्या मोठ्या असतात, म्हणून ॲप फसलं. पण त्याच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या असतात आणि मांडीवर ही पिवळ्या ठिपक्यांची जाळी नसते. मूळचा क्युबा, बहामा, केमन बेटांचा. फ्लोरिडात तो घुसलाय आणि तिथे खरोखरच डोकेदुखी झालाय. ॲपला फोटो दाखवताना लोकेशन बंद असेल तर त्याला कावेसर आणि मायामी सारखंच. फ्लोरिडाच्या लोकांनी त्या बेडकाचे ढिगानं फोटो चढवलेत, आपल्या झाडबेडकाचे त्या मानानं कमी. त्यामुळे ॲपचं उत्तर ही सुरुवात समजायची, निकाल नव्हे. ॲपनं नाव दिलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही जात भारतात कुठे रुजल्याची नोंद आहे का? नसेल, तर तुमच्या बाथरूममध्ये तिची पहिली नोंद व्हायची शक्यता किती, हे तुम्हीच बघा.

रंगाचं म्हणाल तर बेडूक ओळखताना रंगाला शेवटचा नंबर द्यावा. झाडबेडूक तासाभरात गडद तपकिरीचा फिक्का मातकट, अगदी पांढुरका होऊ शकतो. उजेड, ओल, तापमान, घाबरणं, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. पाठीवर डमरूसारखी आकृती कधी ठसठशीत दिसते, कधी पार पुसट. शेतातल्या छोट्या बेडकांमध्ये तर एकाच जातीत एकाच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ असते, दुसऱ्याच्या नसते. लोक त्याच्या दोन जाती करून टाकतात.

ठाण्यात आणि नवी मुंबईत ‘परदेशी बेडूक’ म्हणून जे फोटो माझ्याकडे येतात, त्यात झाडबेडकाचा नंबर दुसरा. पहिला आपल्या साध्या भेकाचा, म्हणजे टोडचा. खडबडीत अंग, मंद चाल, रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला. मोठी मादी तळहात भरून असते आणि ती पाहून कुणीतरी हमखास ‘केन टोड’ म्हणतं. केन टोड मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून १९३५ मध्ये हवाईमधून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला नेला. भुंगेऱ्यांचं काही बिघडलं नाही आणि ऑस्ट्रेलियाच्या मात्र गळ्यात पडला. या गोष्टीचे व्हिडिओ इतके फिरतात की इथल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो आणि अंगणातला भेक अनोळखी.

दोघांतला फरक डोक्यावर आहे. पावसाळ्यात रात्री भेक दिव्याखाली बसलेला असेल तेव्हा गुडघ्यावर बसून, टॉर्च जरा बाजूनं मारून बघा. सरळ वरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं, बाजूनं टाकला की उंचवटे उठून येतात. नाकपुडीपासून डोळ्याच्या वरून मागे कानापर्यंत हाडाचे बारीक कंगोरे गेलेले दिसतील, आणि त्या कंगोऱ्यांची धार काळी असेल, काजळाची रेघ ओढावी तशी. अंगावरच्या पुटकुळ्यांची टोकंही बऱ्याचदा काळी, बोटांची टोकंही काळी. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लांबट फुगीर ग्रंथी. हा आपला डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. केन टोडच्या डोक्यावरही कंगोरे असतात पण त्यांना ही काळी धार नसते, आणि त्याच्या ग्रंथी प्रचंड, त्रिकोणी, पार खांद्यावर उतरलेल्या असतात. कंगोरे अजिबातच नसलेला भेक दिसला तरी दचकू नका. महाराष्ट्रात तशीही एक देशी जात आहे, डुट्टाफ्रायनस स्टोमॅटिकस.

विषारी म्हणाल तर भेकाच्या त्या ग्रंथींमधून पांढरा चीक येतो हे खरं. तो पिचकारी मारत नाही, हात लावल्यानं चामखीळही येत नाही. पण हात न धुता डोळे चोळले तर चांगली आग होते. खरा धोका कुत्र्यांना. कुत्र्यानं भेक तोंडात धरला आणि लाळ गळायला लागली तर त्याचं तोंड खाली करून ओल्या फडक्यानं हिरड्या पुसा, पाण्याची धार तोंडाच्या बाजूनं बाहेर पडेल अशी सोडा, आणि लाळ थांबली नाही तर थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्या झाडबेडकाला ही भानगड नाही.

तिसरा नंबर पिवळ्या बेडकांचा. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की उलवे, द्रोणागिरीकडच्या खणून ठेवलेल्या प्लॉटमध्ये पाणी साचतं आणि एका रात्रीत तिथे हळदीच्या रंगाचे, गळ्याला दोन निळे फुगे असलेले भलेमोठे बेडूक ओरडायला लागतात. हा आपला राजबेडूक, इंडियन बुलफ्रॉग. नर माद्यांना बोलावण्यासाठी मोजके दिवस पिवळे होतात आणि नंतर पुन्हा शेवाळी-हिरवट. २०२० च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा असाच व्हिडिओ देशभर फिरला होता आणि करोनाच्या दिवसांत त्यावर लोकांनी काय काय तारे तोडले ते आठवत असेल. हा बेडूक वर्षातले कितीतरी महिने जमिनीत दडून असतो, म्हणून जिथे पाच वर्षांपूर्वी भातखाचर होतं तिथल्या सेक्टरमध्ये राहायला आलेल्यांना तो कुठून तरी उपटल्यासारखा वाटतो. खरं तर खाचर त्याचं होतं. याच्या तंगड्यांची निर्यात भारतानं १९८७ मध्ये बंद केली, त्याआधी १९८५ पासून ही जात साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन पोती भरणारे दिसले तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. येऊरला, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, कुठलाही बेडूक पकडणं हा सरळ गुन्हा आहे.

बाकीच्यांची धावती ओळख. उपवनसारख्या तलावाच्या कडेला पाय वाजला की पाण्यावरून टपटप उड्या मारत आत जाणारा, आणि मग नुसते डोळे वर ठेवून तरंगणारा, तो स्किपर फ्रॉग, युफ्लिक्टिस. सोसायटीच्या लॉनवर, डबक्याच्या कडेला रात्रभर किरकिरणारे दोन-तीन सेंटिमीटरचे मातकट बेडूक हे मिनरव्हारिया गटातले. त्यांची नेमकी जात फोटोवरून सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आवाज आणि डीएनएशिवाय तज्ज्ञही तिथे हात टेकतात. त्याहून चिमुकला, पाठीवर गडद बाणासारखी नक्षी असलेला, टोकदार तोंडाचा मायक्रोहायला. अंगाच्या मानानं त्याचा आवाज अविश्वसनीय मोठा. पाठ विटकरी-लाल आणि कुशी काळ्या असा देखणा बेडूक कर्नाळ्याच्या वाटेवर किंवा येऊरच्या ओढ्याशी दिसला की लोक त्याला ॲमेझॉनचा विषारी बेडूक ठरवतात. तो हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. २०१५ मध्ये संशोधकांनी त्याला मलबारकडच्या जातीपासून वेगळं करून हे नाव दिलं. म्हणजे परदेशी वाटणारा हा बेडूक सह्याद्रीचा अस्सल रहिवासी आहे. धबधब्याच्या ओल्या कातळावर पाण्याबाहेर सरपटणारे बेडूकमासे दिसले तर ते इंडिराना गटातले. त्यातली इंडिराना लीथाय ही जात १८८८ मध्ये माथेरानच्याच नमुन्यावरून शास्त्राला कळली. आणि कुंडी उकरताना गांडुळासारखं पण जाडजूड, चकचकीत, कडी-कडी असलेलं काही निघालं आणि त्याला बारीक डोळे व तोंडात दात असले, तर ते बेडकांचं चुलत भावंड, देवगांडूळ. त्याला साप समजून मारू नका.

आता देशी-परदेशीचा मुद्दा. एखादी जात परकी आहे की नाही हे ती कुठे आहे त्यावर ठरतं, दिसण्यावर कधीच नाही. आपल्या दिव्याखालच्या भेकाची जात मादागास्करमध्ये तोआमासिना बंदराच्या परिसरात पोचली. तिथे तिची नोंद २०१४ मध्ये जगापुढे आली आणि तिथले लोक आज तिच्या नावानं बोटं मोडतात. तिथे गेलेले भेक आग्नेय आशियातले, बहुधा जहाजी मालाबरोबर गेले असावेत. तिथल्या सापांना आणि इतर शिकारी प्राण्यांना या विषाची सवय नाही. तसाच आपला राजबेडूक. तो अंदमानात मूळचा नव्हता, मत्स्यबीजाच्या वाहतुकीबरोबर गेला. त्याचे बेडूकमासे तिथल्या स्थानिक बेडकांचे बेडूकमासे खातात. उलव्याच्या खाचरात तो देशी, अंदमानात आक्रमक. तेव्हा ‘भारतीय आहे ना, मग कुठेही सोडा’ हेही चालत नाही. तुमचा झाडबेडूक पकडून पुण्य म्हणून येऊरच्या जंगलात नेऊन सोडू नका. सोसायटीच्याच बागेत, संध्याकाळी, झुडपाखाली सोडा.

परका आणि आक्रमक यातही अंतर आहे. एखादा परदेशी प्राणी निसटला म्हणजे लगेच आक्रमण झालं असं नाही. तो जगला, त्याची वीण झाली, पिल्लं पसरली आणि स्थानिकांना त्यानं मागे रेटलं, तर आक्रमक. भारतात केन टोडची किंवा क्युबन बेडकाची अशी रुजलेली वस्ती नाही. पण मी डोळे मिटून बसा असं म्हणत नाही. मला काळजी आहे ती बाथरूमची नाही, मत्स्यालयाच्या दुकानांची आहे.

दुकानात ‘पांढरा बेडूक’ म्हणून जो विकतात, फिक्कट गुलाबी अंगाचा, लाल डोळ्यांचा, सतत पाण्यातच असलेला, तो आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, झेनोपस लेव्हिस. मूळचा दक्षिण आफ्रिकेकडचा. १९३० च्या दशकात गरोदरपणाच्या चाचणीसाठी तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. लघवीचा नमुना मादीला टोचला आणि तिनं अंडी दिली की चाचणी होकारार्थी. रासायनिक चाचण्या आल्यावर त्याचं ते काम संपलं, पण प्रयोगशाळांत आणि शोभेच्या टाक्यांत तो राहिला. जिथे जिथे निसटला तिथल्या काही ठिकाणी रुजला: कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली, पोर्तुगाल. लिस्बनजवळच्या ओढ्यांतून त्याला काढायला तिथल्या सरकारला मोहीम चालवावी लागली.

याला ओळखणं मात्र फार सोपं आहे, कारण आपल्या एकाही बेडकाशी त्याचं जमत नाही. डोळे डोक्याच्या अगदी वर, पापण्या जवळजवळ नाहीतच. कानाचा गोल पडदा बाहेर दिसत नाही. जीभ नाही, पुढच्या हातांनी अन्न तोंडात कोंबतो. अंग बुळबुळीत गुळगुळीत आणि दोन्ही कुशींना टाके घातल्यासारख्या बारीक शिवणी, त्यांनी तो पाण्याची हालचाल टिपतो. मागच्या पायांना रुंद पडदा, पुढच्या बोटांना पडदा नाही. आणि निर्णायक खूण: मागच्या पायाच्या आतल्या तीन बोटांना काळी नखं. आपल्या बेडकांना अशी नखं नसतात. (छोटा, तीन-चार सेंटिमीटरचा, चारही पायांना पडदा असलेला दिसला तर तो ड्वार्फ फ्रॉग, हायमेनोकायरस. तोही आफ्रिकेचाच.) दुकानात विकतात तो पांढरा, पण रानटी रंग शेवाळी-करडा असतो, म्हणून फक्त ‘पांढरा नाही’ एवढ्यावरून निश्चिंत होऊ नका.

त्याची पिल्लंही वेगळी. पारदर्शक बेडूकमासा, डोकं खाली करून पाण्यात तिरका लोंबकळलेला आणि तोंडाशी दोन लांब मिशा. आपल्या मायक्रोहायलाचे बेडूकमासेही पारदर्शक असतात आणि पृष्ठभागाजवळ थव्यानं तरंगतात, पण त्यांना मिशा नसतात. कमळाच्या हौदात मिशीवाले बेडूकमासे दिसले तर मात्र मला त्याच दिवशी कळवा.

हा बेडूक तलावात येतो कसा, याचं उत्तर अवघड नाही. मुलासाठी आणला, मूल कंटाळलं, टाकीला वास यायला लागला, मग रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन तलावावर. शोभेच्या टाकीतला बेडूक पंधरा वर्षंही जगू शकतो, हे दुकानदार सांगत नाही. लाल कानाची कासवं अशीच शहरातल्या तलावांत आली. सोडणाऱ्याला वाटतं आपण जीव वाचवला. तलावातल्या देशी बेडकांच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर काय गुदरतं ते त्याला दिसत नाही. शिवाय हे पाहुणे कायट्रिड नावाची बुरशी स्वतः न आजारता वाहू शकतात. या बुरशीनं जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत आणि सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे. नको असलेला बेडूक दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. तलावात, नाल्यात, धारण तलावात, कमोडमध्ये, कुठेही नाही.

दुसरी वाट कुंड्यांची. ग्रीनहाउस फ्रॉग नावाचा फार तर अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक कुंड्यांच्या मातीतून क्युबाकडून फ्लोरिडा, हवाई, ग्वाम, हाँगकाँगपर्यंत गेला. तो अंडी ओल्या मातीत घालतो आणि त्यातून थेट छोटे बेडूकच बाहेर येतात, पाणी लागतच नाही. कोकी बेडूक हवाईला असाच रोपांबरोबर पोचला. न्हावा शेवा बंदर आपल्या उशाशी आहे आणि नव्या टॉवरांच्या बागांसाठी दुसऱ्या राज्यांतून ट्रकनं झाडं येतात, तेव्हा ही वाट आपल्यालाही मोकळी आहे. पण लगेच गोंधळू नका: आपल्या सह्याद्रीतले रावर्चेस्टिस गटातले झुडपी बेडूकही पाण्यात पिल्लं न सोडता अंड्यातून थेट बेडूकच काढतात. माथेरान-कर्नाळ्याच्या रानात असा चिमुकला दिसला तर तो घरचा. नव्या कुंड्यांतून, जंगलापासून लांब असलेल्या पोडियम गार्डनमध्ये असा दिसला तर जरूर फोटो काढा.

फोटो कसा काढायचा ते सांगतो, कारण दहापैकी नऊ फोटो वरून फ्लॅश मारून काढलेले असतात आणि त्यातून नाव निघत नाही. बेडकाला हातात घेऊ नका, विशेषतः सॅनिटायझर, डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लावलेल्या हातानं. त्याची कातडी सगळं शोषून घेते. स्वच्छ काचेच्या बरणीत चमचाभर पाणी घालून त्यात त्याला पाच मिनिटं ठेवलं की बाजूनं आणि खालूनही फोटो मिळतात, आणि पोट, बोटं, पडदे सगळं दिसतं. बरणीशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, माप आपोआप मिळतं. एक फोटो चेहऱ्याच्या बाजूनं, डोळा आणि कान एकत्र येतील असा. एक मागच्या पायाच्या तळव्याचा: तिथे टाचेजवळ फावड्यासारखा कडक उंचवटा असला तर तो जमिनीत उलटा शिरणारा खणणारा बेडूक, स्फेरोथिका. ओरडत असेल तर मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा, माझ्या दृष्टीनं तो फोटोपेक्षा मोलाचा. तारीख, वेळ, जागा, पाऊस होता का, जवळ नर्सरी किंवा मत्स्यालयाचं दुकान आहे का, एवढं लिहा.

हे सगळं आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर लोकेशनसकट चढवलंत तर जाणकार मंडळी बहुतेक वेळा नाव सांगतात, आणि तुमची नोंदही कायमची राहते. खरोखर परका वाटला तर झाकण असलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, परत पाण्यात सोडू नका आणि मारूही नका. मारलेला बेडूक देशी निघाला तर तो परत येणार नाही. फोटो वनविभागाकडे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा. पुण्याला आकुर्डीत झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, नमुन्यावरून जात पक्की करायची वेळ आली तर ते काम तिथलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यानं आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यावर बंधनं घालायचा अधिकार केंद्र सरकारला दिलाय, तेव्हा अशा नोंदींना आता कागदावरही किंमत आहे.

ग्रुपवरच्या काकांना हे सगळं वाचायला लावू नका. त्यांना मांडीवरच्या पिवळ्या ठिपक्यांचा फोटो आणि खालचा फेस दाखवा, पुरे.

कारण माळ्याच्या पिंपाला आतून चिकटलेला तो पिवळट-पांढरा, मुठीएवढा फेसाचा गोळा याच झाडबेडकाचा आहे. मादी अंडी घालताना सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. बाहेरून तो सुकून कडक होतो, आत अंडी ओली राहतात. चार-पाच दिवसांनी पिल्लं फेस विरघळवून खाली पाण्यात पडतात. क्युबन बेडूक असं कधी करत नाही, त्याची अंडी पाण्यावर पातळ थरात तरंगतात. म्हणजे तुमच्या सोसायटीत झाडबेडकांची जोडी आहे, आणि बाथरूममधला त्या मादीचाच शेजारी किंवा नवरा.

आता अडचण अशी की उघडं पिंप ठेवलं तर महापालिकेचे डास तपासणारे येऊन ते रिकामं करतील, आणि डेंग्यूच्या दिवसांत ते चूकही नाही. पिंपात गप्पी किंवा गॅम्बुशिया हे डासांच्या अळ्या खाणारे मासे टाकायचा सल्ला मिळेल, तो या पिंपापुरता मानू नका. हे मासे परदेशी आहेत आणि गॅम्बुशिया बेडूकमासे फस्त करतो. त्याऐवजी पिंपाच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकनं घट्ट बसवा, बेडूकमाश्यांना हवा मिळते आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. माळ्याला सांगा की या पिंपातून झारी भरायची नाही, आणि उन्हात पाणी तापत असेल तर वर एखादी फांदी टाका. उकडलेल्या पालकाचं पान आठवड्यातून दोनदा पुरतं. दोनेक महिन्यांत पाय फुटतील. पुढचे पाय बाहेर आलेले दिसले की कापड काढा आणि एक खडबडीत फळी पाण्यातून पिंपाच्या काठापर्यंत तिरकी लावा, नाहीतर शेपूट गळताना बाहेर पडायला आधार न मिळाल्यानं पिल्लं बुडून मरतात.